पोटात पाणी, दोष झडपेत: त्रिदल झडपेच्या गळतीचं एक प्रकरण

पायाच्या बोटांतली जोडवी सोनाराकडून कापून काढावी लागली, तेव्हा घरचे पहिल्यांदा घाबरले. पाय तर वर्षभर सुजत होतेच. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, सकाळी उतरायचं. मग सकाळीही उतरेनासं झालं आणि पोट वाढू लागलं. पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या होत्या, पण परकराची नाडी पुरत नव्हती. शेजारणी म्हणत, मावशी अंगानं भरल्या.

हे प्रकरण एकाच रुग्णाचं नाही. अशा काही रुग्णांची वाटचाल एकत्र करून ते बांधलं आहे आणि आकडे अशा आजारात दिसतात तसे ठेवले आहेत. मावशी ५४ वर्षांच्या, सोलापूरकडच्या, घरी कोरडवाहू शेती. अकराव्या वर्षी सांधे सुजून ताप आला होता, म्हणजे हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाती ताप. पुढे धाप लागू लागली आणि २००२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, हृदयाच्या डाव्या बाजूची आकसलेली द्विदल झडप काढून कृत्रिम झडप बसवली गेली. ती होती चित्रा झडप. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली ही झडप १९९० साली माणसात पहिल्यांदा बसवली गेली आणि त्यानंतर देशभरातल्या असंख्य गरीब घरांत पोचली. तिची तबकडी विशिष्ट प्लास्टिकची असल्यामुळे आवाज मऊ येतो. नातू रात्री आजीच्या छातीला कान लावून तो ऐकायचा.

बावीस वर्षं ती झडप नीट चालली. रक्त पातळ ठेवणारी गोळी मावशींनी चुकवली नाही. शेवटच्या दोन वर्षांत मात्र भूक गेली, पोट फुगलं, डोळे पिवळट दिसू लागले. "दोन घास खाल्लं की पोट टम्म हुतंय, साहेब," ही त्यांची मुख्य तक्रार. धाप ही दुसरी तक्रार, तीही विचारल्यावर सांगितलेली.

पोट आणि कावीळ म्हटल्यावर त्यांना यकृताच्या उपचारांकडे पाठवलं गेलं. सोनोग्राफीत यकृत मोठं आणि पोटात पाणी दिसलं. कावीळ 'ब' आणि 'क' दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. दारूचा प्रश्नच नव्हता. तरी फाइलवर 'सिरॉसिस', म्हणजे यकृत कायमचं कडक होणं, असं लिहिलं गेलं आणि आठ महिन्यांत तीन वेळा सुई घालून चार-पाच लिटर पाणी काढलं गेलं. प्रत्येक वेळी ते तीन आठवड्यांत परत भरलं.

मान

ओपीडीत मावशींना ४५ अंशांत टेकवून बसवलं आणि उजेड मानेवर तिरका पाडला. निदान तिथेच होतं. मानेची शीर जबड्यापर्यंत भरलेली आणि प्रत्येक ठोक्याला एक जाड लाट वर चढत होती, इतकी की उजव्या कानाची पाळी हलत होती. मुलगा म्हणाला, "सर, हे मानेत उडतंय ते आम्हाला गलगंड वाटला होता."

हृदयाचा वरचा उजवा कप्पा म्हणजे उजवी कर्णिका आणि खालचा, रक्त पुढे ढकलणारा कप्पा म्हणजे उजवी जवनिका. त्यांच्यामध्ये तीन पाकळ्यांची त्रिदल झडप असते, बेलाच्या पानासारखी तीन दलांची. जवनिका आकसते तेव्हा ती मिटली पाहिजे. ती मिटली नाही की रक्त फुप्फुसाकडे जाण्याऐवजी उलट मागे, मोठ्या शिरांत फेकलं जातं. मानेत ते दिसतं आणि पोटात यकृतावर आदळतं. बरगडीखाली हात ठेवला तेव्हा मावशींचं यकृत ठोक्याबरोबर हाताला धक्का देत होतं. नाडी अनियमित होती, कारण एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांची बेताल थरथर. छातीत गळतीचा आवाज मात्र जेमतेम होता. एरवी हा आवाज श्वास आत घेताना वाढतो. मेक्सिकोच्या रिव्हेरो-कार्व्हालो यांनी १९४६ मध्ये सांगितलेली ही खूण आजही शिकवतात. पण झडप जवळजवळ सताड उघडी राहते तेव्हा दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होतो आणि आवाजच मावळतो. आवाज नाही म्हणून गळती नाही, असं मानणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

फाइलमध्ये पोटातल्या पाण्याचा सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट होता. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन ३.२ आणि पाण्यातलं १.९ ग्रॅम, म्हणजे फरक १.३. हा फरक १.१ किंवा त्याहून जास्त असेल तर पाणी शिरांतल्या वाढलेल्या दाबामुळे साठलेलं असतं. इथवर सिरॉसिसशीही जुळतं. पण त्याच कागदावर पाण्यातलं एकूण प्रोटीन ३.९ होतं. सिरॉसिसमध्ये ते सहसा २.५ च्या खाली राहतं. दाब यकृताच्या पुढून, हृदयाकडून येत असेल तर यकृताच्या सूक्ष्म वाहिन्या धड असतात आणि प्रोटीन पाण्यात झिरपतं. एवढा एक आकडा वाचला गेला असता तर दोन वेळचं पाणी काढणं वाचलं असतं, तेही रक्त पातळ असलेल्या बाईच्या पोटात सुई घालून. मला याची अजून हळहळ वाटते.

प्रोटीनचा हाच आकडा हृदयाचं आवरण आवळल्यावरही येतो. आपल्याकडे क्षयामुळे ते होतं, आणि मावशींच्या बाबतीत जुन्या शस्त्रक्रियेमुळेही होऊ शकलं असतं. म्हणून इको करताना तेही पाहिलं. श्वासागणिक बदलणारा प्रवाह नव्हता, दोन जवनिकांमधला पडदा हिसका देत नव्हता आणि सीटी स्कॅनमध्ये आवरण जाड नव्हतं.

टू-डी इको

सगळ्यात आधी डावीकडची चित्रा झडप तपासली. तिच्यात अडथळा असता तर उजवीकडचा सगळा ताण तिथून आलेला असता आणि उपचार वेगळे ठरले असते. तिच्यावरचा सरासरी दाबफरक पाऱ्याचे ४ मिलिमीटर होता, गळती नव्हती. झडप उत्तम चालत होती.

मग उजवी बाजू. झडपेचं कडं चार कप्प्यांच्या चित्रात ४६ मिलिमीटर. ४० च्या वर ते पसरलेलं धरतात. हे कडं गोल नसून खोगिरासारखं वळलेलं असतं, त्यामुळे एका छेदातलं माप खऱ्यापेक्षा कमीच येतं. पाकळ्या मिटताना मध्ये ८ मिलिमीटरची फट राहत होती. गळतीच्या झोताची सर्वांत अरुंद जागा, जिला व्हेना कॉन्ट्रॅक्टा म्हणतात, १६ मिलिमीटर. ७ च्या वर गळती तीव्र, हे जुनं माप. हान आणि झामोरानो यांनी २०१७ मध्ये तीव्रच्या पुढे आणखी दोन पायऱ्या सुचवल्या, १४ पासून 'मॅसिव्ह' आणि २१ पासून 'टॉरेन्शियल'. ही केवळ शब्दांची भर नाही. 'तीव्र' हा एकच शिक्का असला की फट अर्ध्यावर आणणारा उपचारही कागदावर निष्फळ दिसतो, कारण आधीही तीव्र आणि नंतरही तीव्र. यकृताच्या शिरांत आकुंचनाच्या वेळी प्रवाह उलटा वाहत होता. पोटाची महाशीर २८ मिलिमीटर रुंद होती आणि श्वासाबरोबर जराही आकसत नव्हती.

गळतीच्या झोताचा वेग आला २.६ मीटर प्रतिसेकंद. नेहमीच्या सूत्रात, म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले चार, तो घातला की पाऱ्याचे २७ मिलिमीटर दाब येतो आणि फुप्फुसाचा दाब जवळपास ठीक असल्यासारखा भासतो. आधीच्या एका रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं होतं. पण या सूत्रात कर्णिकेतला दाब मिळवायचा असतो, आणि अशा रुग्णात तो ठरावीक ५ किंवा १० नसतो. म्हणून कॅथेटर घालून उजव्या बाजूचे दाब प्रत्यक्ष मोजले. कर्णिकेत सरासरी १९, फुप्फुसाच्या रोहिणीत ४२/१८, सरासरी २६, आणि वेज दाब, म्हणजे डाव्या कर्णिकेतल्या दाबाचा अंदाज, १५. रक्तप्रवाह फिकच्या पद्धतीने, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या हिशेबाने काढला, मिनिटाला ३.४ लिटर. थंड द्रावणाची पद्धत अशा गळतीत दगा देते. फुप्फुसाचा प्रतिरोध ३.२ एकक आला. वाढलेला, पण दार बंद करणारा नव्हे. तो फार मोठा असता तर झडप मिटवणं म्हणजे थकलेल्या जवनिकेची एकुलती एक पळवाट बुजवणं ठरलं असतं.

आता खरा प्रश्न जवनिकेचा होता. गळती किती, हे मोजायला सोपं. जवनिकेत किती दम उरला आहे, हे मोजणं अवघड. झडपेच्या कडेची हालचाल, जिला टॅप्से म्हणतात, १५ मिलिमीटर होती. १७ च्या खाली ती कमी समजतात. या एका आकड्याला दोन खोटेपणा चिकटलेले असतात. छाती एकदा उघडलेल्या माणसात ती हालचाल जवनिका बरी असूनही कमी दिसते. उलट मोठ्या गळतीत जवनिका कमी दाबाच्या कर्णिकेत सहज रिकामी होते, म्हणून ती आहे त्यापेक्षा जोमदार दिसते. त्यामुळे कप्प्याच्या क्षेत्रफळातला बदलही पाहिला. तो ३१ टक्के होता, सामान्य ३५ च्या वर. जवनिका मध्यम कमकुवत, असा निष्कर्ष मी काढला. डावी जवनिका प्रत्येक ठोक्याला तिच्यातलं ५५ टक्के रक्त बाहेर टाकत होती.

२००२ चं कार्ड

मावशींनी डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकमध्ये घालून जपलं होतं. त्यावर खाली एक ओळ होती: 'टीआर, मध्यम.' टीआर म्हणजे त्रिदल झडपेची गळती. कड्याचं माप नव्हतं आणि झडपेला हातही लावलेला नव्हता.

त्या शल्यविशारदांना दोष देणं अन्यायाचं होईल. त्या काळचा रिवाजच तसा होता. १९६७ मध्ये अमेरिकेच्या हृदयशल्यविशारद नीना ब्राउनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं होतं की द्विदल झडप बदलली की उजवीकडची गळती बहुतेक रुग्णांत आपोआप ओसरते, तिला हात लावण्याची गरज नाही. ब्राउनवाल्ड यांनी १९६० मध्ये स्वतः रचलेली द्विदल झडप रुग्णाला बसवली होती. त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि तीन-चार दशकं ते टिकलं. काही रुग्णांत गळती खरंच ओसरते. पण कडं एकदा पसरलं की ते आपणहून आकसत नाही. त्यात एट्रियल फिब्रिलेशन आलं की कर्णिका फुगत जाते आणि कडं आणखी ताणलं जातं. २००४ मध्ये नाथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतले ५,२२३ रुग्ण तपासले. गळती नसलेल्यांपैकी ९१.७ टक्के वर्षभर जगले, तीव्र गळती असलेल्यांपैकी ६३.९ टक्केच. २००५ मध्ये शल्यविशारद ड्रेफस यांनी गळतीकडे न पाहता कड्याचं माप पाहून, डावीकडच्या शस्त्रक्रियेतच ते आवळण्याचा आग्रह धरला. मावशींची शस्त्रक्रिया त्याच्या तीन वर्षं आधीची.

आज द्विदल झडपेची शस्त्रक्रिया होते तेव्हा पसरलेलं कडं त्याच वेळी आवळावं, असं मी माझ्या रुग्णांसाठी सुचवतो. याला किंमत आहे, हे मान्य. झीज होऊन द्विदल झडप गळणाऱ्या ४०१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत कडं आवळलेल्यांपैकी १४.१ टक्क्यांना पेसमेकर लागला, न आवळलेल्यांत २.५ टक्क्यांना. पण ते रुग्ण संधिवाती तापाचे नव्हते. आपल्याकडच्या रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन असतं, फुप्फुसाचा दाब चढलेला असतो आणि पुन्हा छाती उघडण्याची वेळ आली तर ती तो फार उशिरा, फार खंगून गाठतो.

पाच आठवडे

मावशी आल्या त्या दिवशी त्यांना शस्त्रक्रियेला पाठवलं असतं तर त्या बहुधा वाचल्या नसत्या. एकट्या त्रिदल झडपेच्या शस्त्रक्रियेची जोखीम मोजायला ट्राय-स्कोअर आहे, फ्रान्समधल्या ४६६ रुग्णांवरून बांधलेला, एकूण १२ गुणांचा. धापेची तिसरी पायरी १, सूज आणि जलोदर २, कावीळ दाखवणारं बिलिरुबिन वाढलेलं (मावशींचं २.४) २, डावी जवनिका ६० च्या खाली १, कमकुवत उजवी जवनिका १. बेरीज ७. या गुणांवर रुग्णालयातल्या मृत्यूचा अंदाज ३४ टक्के, म्हणजे तिघांतला एक.

म्हणून आधी पाणी उतरवायचं ठरलं. आतडी सुजलेली असताना लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडची गोळी नीट शोषली जात नाही. घरी त्या गोळ्या घेत होत्या तरी लघवी वाढत नव्हती, ती यामुळे. भरती करून शिरेतून औषध दिलं, स्पायरोनोलॅक्टोन जोडलं आणि घरी जाताना टॉरसेमाइड दिलं, कारण ते तोंडावाटे भरवशाचं शोषलं जातं. मीठ कमी करा, एवढं सांगून भागत नाही. शेंगदाण्याची चटणी, लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. मुलाने वजनकाटा आणला आणि कॅलेंडरवर रोजचं वजन लिहायला सुरुवात केली.

वजन ५८ वरून ४७.५ किलोवर आलं. साडेदहा किलो पाणी. ते उतरलं आणि त्याखालची बाई दिसली: गळ्याची हाडं वर आलेली, दंड काटकुळे. ज्याला सगळे 'भरलं अंग' म्हणत होते त्यात मांस कधीच नव्हतं. मुलगा बराच वेळ बोलला नाही. त्याच दिवशी आहारात अंडी, मटकी आणि डाळ वाढवली.

एक धोका वाटेत होता. भरती करताना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचं माप, ५.८ होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. सुजलेलं यकृत गोठण्याचे घटक कमी बनवतं, म्हणून नेहमीचाच डोस जास्त होतो. यकृत मोकळं झालं की उलटं होतं, तोच डोस अपुरा पडतो आणि धातूच्या चौकटीची झडप गुठळीने अडकू शकते. त्या पाच आठवड्यांत आयएनआर आठवड्यातून दोनदा तपासला आणि रक्त पातळ ठेवणारी त्यांची गोळी, असेनोकुमारॉल, २ मिलिग्रॅमवरून ३ वर न्यावं लागलं. याच कारणाने यकृताच्या आजाराची तीव्रता मोजणाऱ्या नेहमीच्या मेल्ड गुणांकावर इथे विसंबता येत नाही. त्यात आयएनआर असतो आणि तो औषधाने वाढवलेला असतो.

पाच आठवड्यांनी बिलिरुबिन १.१ झालं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३ वर स्थिर राहिलं, मावशी घरातल्या घरात न थांबता फिरू लागल्या. गुण ७ वरून ४ वर आले, अंदाज ८ टक्क्यांवर. हा गुणांक औषधांनंतर पुन्हा मोजण्यासाठी बनवलेला नाही, त्यामुळे ८ हा आकडा मी कुटुंबाला वचन म्हणून सांगितला नाही. पण यकृत सावरू शकतं, हे कळलं. माझ्या दृष्टीने मोलाचं तेच होतं.

निर्णय

गोळ्यांवरच राहणं हा पर्याय खुला होता. मावशींना बरं वाटत होतं आणि "आता काय करायचं कापाकापी," असं त्या म्हणाल्या. त्यांना सांगितलं, "मावशी, पाणी उतरलंय, झडप तशीच आहे. पाणी पुन्हा येईल, आणि प्रत्येक वेळी हृदयाचा उजवा कप्पा थोडा जास्त थकलेला असेल."

मांडीच्या शिरेतून जाऊन झडपेच्या पाकळ्या एकमेकींना जोडणारी क्लिप लावण्याचाही विचार झाला. २०२३ च्या ट्रायल्युमिनेट चाचणीत ३५० रुग्णांत क्लिपमुळे जीवनमानाचे गुण सरासरी १२.३ ने सुधारले, फक्त औषधांवर असलेल्यांचे ०.६ ने. वर्षभरातले मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. मावशींच्या बाबतीत मुख्य अडचण पाकळ्यांची होती. क्लिपला धरायला लवचिक, पुरेशी लांब पाकळी लागते. इथे संधिवाती तापाने मागची पाकळी आखूड झाली होती आणि फट मोठी होती. वय ५४, यकृत सावरलेलं, जवनिका अजून पूर्ण खचलेली नाही. शस्त्रक्रियेसाठी वेळ हीच होती. खर्चाचा बराच भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उचलला. नाहीतर ही चर्चा इथवर आलीच नसती.

सीटीत उजवी जवनिका छातीच्या हाडापासून जेमतेम २ मिलिमीटरवर दिसली. पुन्हा मधून करवत चालवली तर ती फाटण्याची भीती होती. शल्यविशारदांनी उजव्या बरगड्यांमधून जायचं ठरवलं. मांडीतल्या आणि मानेतल्या वाहिन्यांतून हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र जोडलं आणि हृदय थांबवलंच नाही. धडधडत्या हृदयात काम करायचं असेल तर दोन कर्णिकांमध्ये छिद्र नसल्याची खात्री हवी, नाहीतर हवा मेंदूत जाते. ती बुडबुड्यांच्या चाचणीने आधीच केली होती.

बेत रिंग बसवून कडं आवळण्याचा होता. रिंग बसवली, जवनिकेत सलाइन भरलं, आणि मागच्या पाकळीपाशी पाणी परत आलं. तिथे दहा मिनिटं थांबून विचार झाला. थोडी गळती ठेवून बाहेर यायचं की झडप बदलायची? दुरुस्ती नेहमी बदलीपेक्षा बरी, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. पण कमकुवत जवनिका उरलेली गळती पेलत नाही आणि ती गळती पुन्हा वाढू शकते. रिंग काढून ३१ क्रमांकाची जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली, झडप बसवली. यांत्रिक झडप नको, कारण उजवीकडे रक्त संथ वाहतं आणि गुठळीचा धोका जास्त असतो. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

छाती बंद करण्याआधी शल्यविशारदांनी हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पेसमेकरची कायमची वायर शिवून ठेवली. पडद्याकडच्या पाकळीलगतच हृदयाच्या विद्युतप्रवाहाची मुख्य दोरी जाते. तिथे घातलेला टाका किंवा नंतरची सूज ती दाबू शकते. आणि नव्या जैविक झडपेतून शिरेमार्गे वायर घातली तर झडप पुन्हा गळू लागू शकते.

नंतर

पहिले तीन दिवस जवनिका रुसलेली होती. आता तिला सगळं रक्त फुप्फुसाकडेच ढकलायचं होतं. तिला बळ देणारं मिलरिनोन आणि फुप्फुसाचा दाब उतरवणारं सिल्डेनाफिल लागलं, मूत्रपिंडं थोडी बिघडून सावरली. चौथ्या दिवशी ठोके ३८ वर आले आणि वर चढेनात. नवव्या दिवशी त्या शिवून ठेवलेल्या वायरला पोटाच्या कातडीखाली पेसमेकर जोडला. छाती पुन्हा उघडावी लागली नाही.

वर्षभराने नव्या झडपेवरचा सरासरी दाबफरक ३ मिलिमीटर आहे, गळती नाही. टॅप्से १३, म्हणजे आधीपेक्षा कमी. शस्त्रक्रियेनंतर असं होतं आणि लक्षणांवरून पाहता जवनिका बरी चालते आहे. टॉरसेमाइड २० मिलिग्रॅम चालू आहे. पोटातलं पाणी परत आलेलं नाही. मावशी गव्हाचं निवडण-टिपण करतात, पाण्याची घागर उचलत नाहीत. यकृताचा कडकपणा पूर्ण गेलेला नाही आणि तो जाईल, असं मी त्यांना सांगितलेलं नाही. दोन वर्षं आधी आल्या असत्या तर कदाचित गेला असता.

जैविक झडप कायमची नसते. दहा-पंधरा वर्षांत ती झिजेल. तेव्हा तिच्या आतच शिरेवाटे दुसरी बसवता येईल, आणि त्यासाठी आतल्या झडपेचं नेमकं माप हातात लागेल. म्हणून यावेळचं कार्ड लिहायला मी वेळ घेतला. कड्याचं जुनं माप, कॅथेटरवरचे दाब, कोरडं वजन ४७.५ किलो, आणि खाली जाड अक्षरात: 'त्रिदल जैविक झडप, क्रमांक ३१. हृदयाची वायर बाहेरून शिवलेली आहे. शिरेतून या झडपेपलीकडे नवी वायर घालू नये.' मुलाने त्याच दिवशी ते लॅमिनेट करून आणलं आणि २००२ च्या कार्डाच्या मागे ठेवलं.